बाईंचा रविवार

परगावी एकट्याने राहणाऱ्या माणसाचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही. तो शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. निदान माझा तरी तसाच होतो. आमचे काम भाषांतराचे. इंग्रजीतून आलेला मजकूर मराठीत आणावयाचा, मुद्रिते तपासावयाची, आणि 'लाभार्थी', 'अंमलबजावणी', 'प्रोत्साहन' हे शब्द एकाच परिच्छेदात तीन-तीनदा येणार नाहीत याची काळजी घ्यावयाची. पाच दिवस हे केले म्हणजे आपण मराठी बोलत आहो की मराठीचा तर्जुमा बोलत आहो, असा संशय मनाला पडू लागतो. मग शनिवारी सकाळी मी पिशवीत कपड्यांचा एक जोड टाकते, मेट्रोत बसते आणि यमुना ओलांडून मयूर विहारला जाते. तिथे माझी एक मैत्रीण राहते.

मैत्रीण नगरची. सरकारी कागदोपत्री २०२४ पासून त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे आणि कचेरीत मी ते कटाक्षाने तसेच लिहिते. पण तिच्या घरात अजून नगरच चालते. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. ती परिचारिका आहे. तिचे यजमान केरळचे. त्यामुळे घरात व्यवहाराला हिंदी, शाळेच्या अभ्यासाला इंग्रजी, आणि रागवावयाचे झाले तर आईची मराठी व वडिलांची मल्याळम, अशी भाषांची वाटणी झालेली आहे. दोघेही ख्रिस्ती, परंतु देवासमोर उभे राहताना एकीला मराठी हवी नि दुसऱ्याला मल्याळम, हा प्रश्न लग्नानंतर पंधरा वर्षांनीही सुटलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईने आपल्या आईला नगरहून कायमचे इकडे आणले. आईंचे वय ऐंशीच्या पुढचे. उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकविण्यात गेला, म्हणून सारे गाव त्यांना 'बाई' म्हणे, आणि इथेही आम्ही सारे बाईच म्हणतो. दिल्लीच्या बोलीत बाई म्हणजे मोलकरीण, हे कळले तेव्हा ताईला फार वाईट वाटले. बाईंना मात्र मौज वाटली. "मग काय झालं? भांडी मी आजवर घासलीच आहेत," एवढेच त्या म्हणाल्या.

बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. डावा डोळा पार गेला आहे; उजव्याने माणूस दारात उभे आहे एवढे कळते, कोण ते कळत नाही. त्यांच्या मांडीवर सदा एक जाडजूड पुस्तक असते. 'उपासना संगीत' हा तो मराठी ख्रिस्ती मंडळींचा गीतसंग्रह. पाठीची शिवण दोनदा घातलेली, कोपरे झिजलेले. वाचता येत नसूनही त्या त्याची पाने उलटीत असतात. मी दारात चप्पल काढली की पावलांच्या आवाजावरून ओळखून त्या म्हणतात, "सलाम, पोरी. आलीस?" नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नमस्काराच्या जागी सलाम म्हणण्याची चाल आहे. मी वाईच्या भटाची मुलगी. पहिल्या दिवशी मी गोंधळून 'नमस्कार' म्हटले होते. आता माझ्याही तोंडून सहज सलाम निघून जातो.

फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारची ही गोष्ट. दिल्लीची थंडी ओसरू लागली होती, हवेतले धुके गेले होते, आणि गच्चीवरचे ऊन सोडून उठू नये असे वाटावे इतके गोड झाले होते. आम्ही बसून मटार सोलले. सोलता सोलता ताईच्या धाकटीने, म्हणजे छोटीने, निम्मे खाऊन टाकले. संध्याकाळी संजय झीलला फेरी मारून आलो. काही घडले नाही, आणि काही घडू नये हीच तर शनिवारची खरी मौज.

खरे म्हणजे माझ्या पिशवीत, कपड्यांच्या तळाशी, एक लिफाफा होता. माझ्या मुंबईच्या बदलीचा हुकूम. तीन वर्षांपूर्वी मीच अर्ज केला होता. वाईला आई एकटी असते. हुकूम गुरुवारी हाती पडला, १ मार्चला मुंबईत हजर व्हावयाचे होते, आणि मला आनंदही झाला होता. पण ताईकडे ते कसे सांगावे हे दोन दिवस सुचत नव्हते. मटार सोलताना सांगू, झिलीवर सांगू, जेवताना सांगू, असे करता करता रात्र झाली.

रविवारी एरवी ही मंडळी यजमानांच्या मल्याळम उपासनेला जातात. बाई बिचाऱ्या दोन तास शांत बसून येतात. "भाषा कळत नाही, पण माणसं मनापासून म्हणतात तेवढं कळतं," असे त्या सांगत. त्या रविवारी मात्र त्यांनी हट्ट धरला होता की जुन्या दिल्लीतले ते पिवळे देऊळ मला एकदा दाखवा. यजमान व थोरला मुलगा आपल्या चर्चला गेले. ताई, छोटी, बाई आणि मी अशा चौघी टॅक्सीने काश्मिरी गेटला निघालो.

सेंट जेम्स चर्च हे दिल्लीतल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी एक. बाहेरून पिवळा रंग, मध्ये घुमट, तीन बाजूंना खांबांचे मंडप. २१ नोव्हेंबर १८३६ रोजी त्याचे अर्पण झाले. ते बांधणारा जेम्स स्किनर हा आम्हां मराठी माणसांना अगदीच परका नव्हे. बाप स्कॉटिश, आई राजपूत. अशा मुलाला कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून जागा नव्हती, म्हणून तो शिंद्यांच्या चाकरीत द बॉयनच्या पलटणींत शिरला. १८०३ साली इंग्रज-मराठा युद्ध पेटले तेव्हा त्याला तिथून बाहेर पडावे लागले, आणि त्याच वर्षी त्याचे पिवळ्या अंगरख्यांचे घोडदळ कंपनीकडे उभे राहिले. लोक त्याला सिकंदरसाहेब म्हणत. त्याच सालच्या ११ सप्टेंबरला पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांची दिल्ली गेली. ताईचे घर ज्या मयूर विहारात आहे ते पटपडगंजच्या शेजारीच. तिथून मेट्रोने काही थांबे पुढे नोएडाच्या गोल्फ मैदानात त्या लढाईचा एक स्मारकस्तंभ आहे. मराठी माणसाला पानिपतचे १७६१ साल तोंडपाठ असते, हे १८०३ मात्र कुणाला फारसे आठवत नाही. पराभवांतही आपण आवडनिवड करतो की काय कोण जाणे.

आम्ही पोचलो तेव्हा घंटा झाली होती. आत घुमटाखाली गारवा होता. रंगीत काचांतून येणारा उजेड बाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर पडला. त्यांनी मान वर करून विचारले, "इथं काही तरी रंगाचं आहे का ग?" मी म्हटले, "खिडक्या आहेत बाई, रंगीत काचांच्या." त्या बराच वेळ तशाच वर पाहत राहिल्या.

उपासना इंग्रजीत होती. ताई छोटीला घेऊन पलीकडे बसली होती, बाई माझ्या शेजारी. प्रवचन सुरू झाले तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. "काय सांगतात ते मला सांग की," त्या कुजबुजल्या. "तुझं कामच ते."

माझे कामच ते खरे. पण समोर कागद नाही, कोश नाही, आणि वाचक आपल्या मनगटाला धरून बसलेला, अशा स्थितीत मी कधी भाषांतर केले नव्हते. पाच हजारांच्या भोजनाचा प्रसंग चालला होता. मी त्यांच्या कानाशी लागून सांगू लागले, "एका मुलाजवळ पाच पाव आणि दोन मासे होते—"

"पाव नव्हे," बाई म्हणाल्या. "भाकरी. जवाच्या."

मी वरमले. इंग्रजी शब्दाला कोशात पाव हाच अर्थ मिळाला असता, आणि कचेरीत तो कुणी खोडलाही नसता. पण नगरच्या दुष्काळी खेड्यांतून दोनशे वर्षे ही गोष्ट सांगितली गेली ती भाकरीचीच. त्या पोराने फडक्यात बांधून भाकरी आणली नसती तर ती गोष्ट तिथल्या मुक्कामाला पोचलीच नसती. पुढे मी जपून बोलू लागले. चार शब्द मी सांगावे, एखादा त्यांनी दुरुस्त करावा, असे चालले. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की बाईंना सारे पाठ आहे. त्यांना भाषांतर नको होते. ती गोष्ट आपल्या भाषेत कुणाच्या तरी तोंडून ऐकावयाची होती, इतकेच.

मराठीतल्या ह्या भाषांतरांचा इतिहास मोठा आहे, आणि आमच्या धंद्यातल्या माणसांना तो फारसा ठाऊक नसतो. सेरामपूरच्या छापखान्यातून केरीने मराठी नवा करार काढला तो १८११ साली. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' गोव्याकडे छापले गेले. ते भाषांतर नव्हे, स्वतंत्र ओवीबद्ध काव्य. पण मला राहून राहून नवल वाटते ते पंडिता रमाबाईंचे. संस्कृतात पारंगत असलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, साऱ्या बायबलचे एकटीने मराठी केले, आणि तेही खेड्यापाड्यांतल्या साध्या बायकांना कळावे अशा भाषेत. केडगावच्या मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी ते छापले. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या आणि १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला. माझ्या टेबलावर एखादा सोळा पानी मजकूर आला की मी मुदत वाढवून मागते.

उपासना संपल्यावर वेदीसमोरची ती संगमरवरी शिळा बाईंना हाताने चाचपून दाखविली. स्किनर हांसीला वारला, ४ डिसेंबर १८४१ रोजी. पुढच्या महिन्यात त्याचे शव दिल्लीला आणून इथे पुरले. मग आम्ही अंगणात उन्हात एका बाकावर बसलो. छोटी थडग्यांमधून खारीमागे पळत होती. ताईने थर्मासमधून चहा ओतला, आणि मी बाईंना ह्या देवळाची मूळ कथा सांगितली.

१८०० साली उणियाराच्या लढाईत स्किनरला गोळी लागली. मेलेल्या नि घायाळ माणसांत तो दोन रात्री तसाच पडून होता. वाचलो तर देऊळ बांधीन, असा त्याने तिथे नवस केला. दुसऱ्या दिवशी एक माणूस नि एक म्हातारी रणांगणावर आली. जातीने चांभार. त्यांच्याजवळ टोपलीत ज्वारीच्या भाकरी होत्या, आणि पाण्याचे मडके. प्रत्येक जखमी माणसाला ती भाकरीचा तुकडा देई आणि पाणी पाजी. स्किनरने ते घेतले. त्याच्याजवळ पडलेल्या एका राजपूत सुभेदाराने मात्र घेतले नाही. थोडे तास तर उरले आहेत, एवढ्यासाठी जात कशाला सोडू, असे त्याचे म्हणणे पडले. स्किनरने स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आणि त्याच्या मृत्यूनंतर १८५१ साली ती इंग्रजीत छापली गेली. बरा झाल्यावर त्याने त्या म्हातारीला आई म्हणून पैसे पाठविले, असेही तीत आहे.

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. "ज्वारीचीच म्हणालीस ना?"

"हो, ज्वारीचीच."

"आमच्या आजोबांच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नसे," त्या म्हणाल्या. आवाजात कडवटपणा नव्हता. हजेरी घ्यावी तसे त्यांनी ते सांगितले. "विहिरीवर उभं राहायचं, कुणी वाढलं तर ओंजळ धरायची. मिशनच्या शाळेत पहिल्यांदा घागरीतून हातानं पाणी घेतलं ते त्यांनी. मग नाव घातलं मंडळीत. लोक म्हणतात पोटासाठी बाटले. असेल. तहान लागली म्हणून घागरीपाशी गेलेल्या माणसाला कोणी विचारावं, की बाबा, तू धर्मासाठी आलास का पाण्यासाठी?"

ह्यावर मला काही बोलता आले नाही. माझ्या आजोबांच्या वाड्यातली विहीर मला आठवली. तिथे कोणाला येता येत नसे हे मला लहानपणी कुणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

बाई इकडे तिकडे मान वळवून अंदाज घेत होत्या. "इथं थडगी आहेत ना? दिल्लीत आपल्या लोकांना पुरतात कुठं?"

"आई, काय हे! चहा पी ना," ताई म्हणाली.

"चहा पितेच आहे. पण ते विचारायला नको? नगरला माझी जागा ह्यांच्या शेजारी ठरलेली होती. तेवढ्या लांब कोण नेणार आता, आणि नेऊही नका." मग त्यांनी पुन्हा माझे मनगट शोधले. "इथले पाळक इंग्रजीत प्रार्थना करतील, ती देवाला कळेल. मला ऐकू येणार नाही, तेही खरं. तरी पण एक गीत मराठीतलं कुणीतरी म्हणावं. टिळकांचं. हिला रडू येईल, ही काही म्हणू शकायची नाही. पोरांना अक्षरं येत नाहीत. तू म्हणशील का?"

मी ताबडतोब 'हो' म्हणाले. बदलीचा हुकूम मयूर विहारात पिशवीच्या तळाशी पडला होता आणि मी 'हो' म्हणाले.

नंतर आम्ही जुन्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या इमारतीवरून फेरी मारली. तिथे आता निवडणूक खात्याची कचेरी आहे. काश्मिरी दरवाज्यावरच्या १८५७च्या तोफगोळ्यांच्या खुणा छोटीला दाखविल्या, बाहेर शेंगदाण्याची गजक घेतली. हे सारे मी केले खरे, पण त्यातले फारसे आता आठवत नाही. टॅक्सीत यमुनेचा पूल लागला तेव्हा मात्र मला राहवेना. मी एका दमात सांगून टाकले: बदली झाली आहे, मीच मागितली होती, आई एकटी आहे, १ मार्चला हजर व्हावयाचे आहे, आणि मघाशी मी 'हो' म्हणाले ते खोटे होते.

ताई खिडकीबाहेर पाहू लागली. बाईंनी विचारले, "तुझी आई किती वर्षांची?"

"सत्तरची."

"मग जायलाच हवं. त्यात खोटं काय? मी काही एक मार्चच्या आत जाण्याचा बेत केलेला नाही, पण तसं झालं तर तू आहेसच." आणि त्या हसू लागल्या. ताईलाही शेवटी हसू आले, आणि मग ती जी रडू लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही.

दुपारी जेवणे झाल्यावर मी तोडगा काढला. बाईंनी गीत म्हणावे आणि आपण ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. बाईंनी तो साफ धुडकावला. "माझ्याच मातीला मीच गाऊ होय? लोक काय म्हणतील!" मग मी वाचते, माझा आवाज ठेवा, असे म्हटले. पुस्तक उघडून मी पहिले कडवे वाचले. ना. वा. टिळक हे कवी, मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला फुलामुलांचे कवी म्हणून ठाऊक आहेत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ह्या गीतांना अभंगाचे, ओवीचे, कीर्तनाचे वळण दिले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. त्यामुळे शब्द मला मुळीच परके नव्हते. आमच्या घरी एकादशीला जे कानांवर पडे त्याचेच ते सगेसोयरे. तरीही माझे वाचून होताच बाईंनी विचारले, "मुद्रितं तपासतेस का?"

छोटी फोन धरून उभी होती. तिने विचारले, "आजी, मैं गाऊँ?"

बाई म्हणाल्या, "तुला कुठं वाचता येतं?"

"आप सिखाओ ना."

मी वहीचे एक पान काढले आणि जाड लेखणीने पहिल्या कडव्याच्या दोन ओळी बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिल्या. हिंदीमुळे तिला बहुतेक अक्षरे ओळखीची निघाली. अडली ती एका 'ळ'पाशी. हिंदीच्या पुस्तकात हे अक्षर तिला भेटले नव्हते. मला वाटले, आता हिच्या तोंडून 'ल' नाहीतर 'ड' निघणार. पण मी एकदा उच्चार करून दाखविताच तिने तो इतका स्वच्छ केला की बाई चमकून तिच्याकडे वळल्या. स्वयंपाकघराच्या दारात यजमान उभे होते. "दॅट इज अवर लेटर," ते अभिमानाने म्हणाले. मल्याळममध्ये 'ळ' आहे, आणि पोरगी जन्मापासून तो बापाच्या तोंडून ऐकत आली होती.

संध्याकाळपर्यंत पहिले कडवे झाले. चाल बाईंनी म्हणून दाखविली. आवाज चिरकत होता, पण ठेका कुठे सुटला नाही. ध्वनिमुद्रणात मधेच कुकरची शिटी आली. ताई म्हणाली, पुन्हा करू. बाई म्हणाल्या, राहू दे.

मी निघताना छोटीने ते पान खाटेजवळच्या भिंतीवर चिकटविले होते. गीताची कडवी पाच. माझे दिल्लीतले रविवार तीन उरले होते. मी पिशवी उचलली तशी बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला जरा लवकर ये. आणि ती अक्षरं आणखी मोठी काढ, म्हणजे मलाही जरा दिसतील."